एच-१बीवर अमेरिकेत घरकर्ज: कर्ज मिळतं, कागद जुळवावे लागतात

आप्पांचा सांगलीहून फोन आला तेव्हा इथे न्यू जर्सीत सकाळचे सहा वाजले होते. आवाज चढलेला. "मुलाला दिलेले पैसे मी परत मागणार नाही, हे मी तिकडच्या बँकेला लिहून द्यायचं? त्यांना काय करायचंय आपल्या घरातलं?" त्यांच्यापुढे गिफ्ट लेटरचा एकपानी नमुना होता. त्यात नातं, रक्कम, तारीख आणि एक वाक्य: ही रक्कम भेट आहे, परतफेडीची अपेक्षा नाही. त्या वाक्यावर सही करायला आप्पांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सही केली, पण खाली स्वतःच्या हाताने "सप्रेम" लिहिलं. अंडररायटरने, म्हणजे बँकेत कर्जाची फाइल तपासणाऱ्याने, "सप्रेम"चा इंग्रजी अनुवाद मागितला.

हा किस्सा आता हसून सांगतो, पण आमच्या घरकर्जात अडलं ते इथेच. ज्या बँकेने शेवटी कर्ज दिलं तिथे व्हिसाचा प्रश्न दहा मिनिटांत मिटला होता, पैसे कुठून आले हे दाखवायला पाच आठवडे लागले. एच-१बीवर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर, असलेल्या बहुतेकांना भीती असते ती व्हिसाची. तयारी करायची ती पैशाच्या वाटेची, आणि नोकरी गेली तर काय, या प्रश्नाची.

कर्ज मिळतं का?

मिळतं. अमेरिकेतली बहुतेक साधी घरकर्जं बँका पुढे फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या घरकर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्थांना विकतात, त्यामुळे नियम त्यांचे चालतात. फॅनी मेचा नियम सरळ आहे: कायदेशीररीत्या देशात राहणाऱ्या तात्पुरत्या रहिवाशाला नागरिकाच्याच अटींवर कर्ज देता येतं. वेगळा व्याजदर नाही, वेगळं डाउन पेमेंट नाही. एच-१बी, एल-१ (कंपनीने बदलीवर आणलेले), ईएडीवर (कामाच्या परवान्याच्या कार्डावर) काम करणारे, सगळे यात येतात. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची दहा-दहा वर्षं जातात. तोवर भाड्यानेच राहायचं असा कायदा नाही.

एक दार मात्र बंद झालंय. साडेतीन टक्के डाउन पेमेंटचं, सरकारी विम्याचं एफएचए कर्ज पूर्वी एच-१बीवाल्यांनाही मिळायचं. २५ मे २०२५ पासूनच्या नव्या अर्जांना ते ग्रीन कार्ड नसलेल्यांसाठी बंद आहे. जुन्या व्हिडिओंत आणि दोन वर्षांपूर्वी घर घेतलेल्या मित्रांच्या सल्ल्यात एफएचए अजून जिवंत आहे, तिकडे लक्ष देऊ नका. कन्व्हेन्शनल, म्हणजे वर सांगितलेल्या साध्या, कर्जातही पहिलं घर घेणाऱ्याला ३ टक्क्यांपासून डाउन पेमेंट चालतं. २० टक्क्यांच्या आत असेल तर पीएमआय हा विम्याचा हप्ता लागतो. कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तो बंद करायला तुम्ही लेखी मागणी करू शकता, आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ७८ टक्क्यांवर बँकेने तो आपणहून काढायचा असतो, अर्थात हप्ते वेळेवर असतील तर.

या कर्जाला वरची मर्यादाही असते. २०२६ साठी ती बहुतेक काउंट्यांत ८,३२,७५० डॉलर आहे, महागड्या भागांत १२,४९,१२५ पर्यंत जाते. न्यू जर्सीतलं एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत येतं ती या महागड्यांत मोडते. मर्यादेच्या वर गेलात की जंबो कर्ज. तिथे प्रत्येक बँक आपापले नियम लावते आणि तात्पुरत्या व्हिसाला काही ठिकाणी जास्त डाउन पेमेंट मागितलं जातं.

पहिला हिशेब: साठ दिवस

घर बघायला जाण्याआधी एका रविवारी दोघांनी बसून हा हिशेब करा. एच-१बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, आणि आय-९४ (देशात कधीपर्यंत राहता येईल ती नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढीच. त्यात नवी नोकरी मिळून नव्या कंपनीने अर्ज भरायला हवा, किंवा स्टेटस बदलायला हवं, किंवा सामान बांधायला हवं.

घर मात्र तुमचंच राहतं. व्हिसा गेला म्हणून मालकी जात नाही आणि हप्ताही थांबत नाही. म्हणून डाउन पेमेंट आणि क्लोजिंगचा, म्हणजे व्यवहार पूर्ण करून किल्ली घेण्याचा, खर्च भरल्यावरही सहा महिन्यांचा पूर्ण हप्ता खात्यात उरला पाहिजे. बँक एवढा राखीव निधी मागेलच असं नाही. मी मागतो. एकाच पगारावर घर चालत असेल तर आठ महिने.

दुसरा प्रश्न किती वर्षं राहणार याचा. घेताना किमतीच्या साधारण २ ते ५ टक्के क्लोजिंग खर्चात जातात, विकताना एजंटचं कमिशन. तीन वर्षांच्या आत हलावं लागलं तर बहुतेक वेळा भाड्याचं घर स्वस्त पडलेलं असतं. आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज) मंजूर असेल तर सहा वर्षांच्या मर्यादेनंतरही एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढत राहतो आणि गणित बरंच घट्ट होतं. पहिल्याच एच-१बीचं दुसरं वर्ष असेल आणि पर्मचा, ग्रीन कार्डच्या पहिल्या पायरीचा, पत्ता नसेल, तर मी थांबलो असतो.

क्रेडिट स्कोअर

तुमचा भारतातला सिबिल स्कोअर इथे सहसा कोणी विचारत नाही. विद्यार्थी म्हणून आला असाल तर चार-पाच वर्षांचा इतिहास तयार असतो. थेट एल-१ किंवा एच-१बीवर आलेल्यांनी पहिल्याच महिन्यात सिक्युअर्ड कार्ड (ठेव ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड) घ्यावं, बिल दर महिन्याला पूर्ण फेडावं आणि सगळ्यात जुनं कार्ड बंद करू नये. ७४० च्या वर स्कोअर असेल तर दर चांगला मिळतो.

अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांत कार्डांवर मर्यादेच्या दहा टक्क्यांच्या आतच शिल्लक दिसू द्या. नवी गाडी, नवं फर्निचर, शून्य टक्क्यांचा सोफा, सगळं क्लोजिंगनंतर. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने क्लोजिंगच्या तीन आठवडे आधी मिनीव्हॅन घेतली. तिच्या हप्त्यामुळे कर्ज पुन्हा तपासायला गेलं आणि रेट लॉक (ठरलेला व्याजदर धरून ठेवायची मुदत) वाढवायचे पैसे वेगळे भरावे लागले.

किती झेपेल: एक उदाहरण

६ लाख डॉलरचं टाउनहाउस, २० टक्के म्हणजे १,२०,००० डॉलर डाउन, ४,८०,००० कर्ज, ३० वर्षं, ६.५ टक्के स्थिर दर. हप्ता ३,०३४ डॉलर. पहिल्या हप्त्यातले २,६०० व्याजात जातात, मुद्दलात फक्त ४३४. हे पाहून पोटात गोळा येतो, पण हा दर तीस वर्षं बदलत नाही. भारतातल्या फ्लोटिंग दराची सवय असलेल्यांना यावर विश्वास बसायला वेळ लागतो. दर उतरले तर रिफायनान्स, म्हणजे नव्या दराने नवं कर्ज, करता येतं, आणि साध्या कन्व्हेन्शनल कर्जात मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड सहसा नसतो.

पण हप्ता म्हणजे घराचा खर्च नव्हे. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशातल्या सगळ्यात चढ्यांपैकी आहे. २.२ टक्के धरला तर महिन्याला १,१०० डॉलर. विमा १५०, एचओए म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स ३५०. बेरीज ४,६३४. वार्षिक पगार १,४०,००० असेल तर महिन्याला करापूर्वी ११,६६७ येतात, म्हणजे नुसत्या घरालाच जवळपास ४० टक्के. त्यात गाडीचा ४५० चा हप्ता मिळवला की कर्जाचं उत्पन्नाशी प्रमाण, इथले लोक ज्याला डीटीआय म्हणतात, ते साडेत्रेचाळीसच्या वर जातं. बँक ४५ पर्यंत, कधी ५० पर्यंतही हो म्हणते. बँकेच्या हो म्हणण्यावर जाऊ नका, कारण ती करापूर्वीचा पगार मोजते आणि डेकेअरची फी मोजत नाही.

एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वरच्या जोडीदाराचा ईएडीचा पगार धरता येतो, पण सांभाळून. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या ईएडी नूतनीकरणाच्या अर्जांना, थोडे अपवाद सोडले तर, आपोआप मिळणारी ५४० दिवसांची वाढ बंद झाली आहे. कार्ड संपलं आणि नवं हातात नसलं की काम त्याच दिवशी थांबतं. हप्ता एका पगारात बसत असेल तरच दोन पगारांचं घर घ्या.

बँक निवडताना विचारायचे प्रश्न

फॅनी मे हो म्हणते म्हणजे प्रत्येक बँक हो म्हणेलच असं नाही. बँका वरून स्वतःच्या अटी लावतात: व्हिसाला एक वर्ष तरी शिल्लक हवं, किंवा दोन वर्षांचा अमेरिकेतला नोकरीचा इतिहास हवा. म्हणून पहिल्याच फोनला, पगार किती हे सांगण्याआधी, विचारा: "एच-१बीवर गेल्या वर्षभरात किती कर्जं केलीत? व्हिसाला किती महिने शिल्लक लागतात? एक्स्टेन्शनची रिसीट चालते का?" समोरचा चाचपडला तर नमस्कार करून फोन ठेवा.

मला पहिल्या ठिकाणी नकार आला तो पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय म्हणून. स्टॅम्प फक्त देशात शिरण्यासाठी असतो. राहण्या-कामाचा हक्क आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याची नोटीस) आणि आय-९४ वर असतो. लोन ऑफिसरला हे मी तीन ईमेलांत समजावलं, मग दुसऱ्या बँकेत गेलो. तिथे कोणी स्टॅम्प विचारलाही नाही.

आय-९४ ची तारीख आजच वेबसाइटवर बघून घ्या. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, आय-७९७ वर पुढची दोन वर्षं असली तरी. असं झालं असेल तर आधी वकिलाला विचारून ते दुरुस्त करा. व्हिसा सहा महिन्यांच्या आत संपत असेल तर एक्स्टेन्शन आधी भरून घ्या. कंपनी प्रीमियम प्रोसेसिंगला (जादा फी भरून लवकर निकाल) तयार असेल तर १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं, आणि घराच्या शोधाला तेवढा वेळ लागतोच.

कागदांची थप्पी अशी: शेवटच्या ३० दिवसांच्या पे-स्टब्ज, दोन वर्षांचे डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेले वार्षिक पगार-कराचे फॉर्म), दोन महिन्यांची सगळ्या खात्यांची सगळी पानं (कोरं पानही), पासपोर्ट, आय-७९७, आय-९४ आणि असेल तर आय-१४० ची मंजुरी. नोकरीचा इतिहास दोन वर्षांचा बघतात. भारतातली नोकरी किंवा इथलं शिक्षण त्यात धरता येतं, पत्रं जवळ ठेवा. कन्सल्टिंग कंपनीतून दुसऱ्याच्या प्रोजेक्टवर असाल आणि मधे बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसला असाल, तर पगारातली ती फट अंडररायटरला दिसतेच. आपणहून आधीच सांगितलेलं बरं.

तीन बँकांकडून लोन एस्टिमेट (कर्जाच्या दर-खर्चाचा अंदाज) मागवा. अर्ज दिल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत हा तीनपानी कागद द्यावाच लागतो. दुसऱ्या पानावरचा पहिला रकाना, बँकेची स्वतःची फी, तिन्हींत शेजारी ठेवून बघा. पॉइंट म्हणजे कर्जाच्या एक टक्का रक्कम आगाऊ भरून दर कमी करून घेणं. किती काळ राहणार हे माहीत नसलेल्या व्हिसावाल्याने पॉइंट घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ४५ दिवसांच्या आत कितीही बँकांनी क्रेडिट तपासलं तरी स्कोअरसाठी ती एकच तपासणी धरली जाते, तेव्हा भीड बाळगू नका.

भारतातून पैसे आणताना

इथे आमचे पाच आठवडे गेले.

नियम असा की दोन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये पगाराव्यतिरिक्त कुठलीही मोठी रक्कम दिसली की ती कुठून आली हे सिद्ध करा. मोठी म्हणजे तुमच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त. वरच्या उदाहरणात ५,८३३ डॉलरच्या पुढे. म्हणून सगळ्यात सोपा उपाय: पैसे अर्जाच्या तीन महिने आधी आणून ठेवा. स्टेटमेंटमध्ये ते सुरुवातीच्या शिलकीतच आले की सहसा कोणी विचारत नाही.

तुमचे स्वतःचे पैसे एनआरई खात्यात (परदेशातली कमाई ठेवायचं भारतातलं खातं) असतील तर ते मोकळेपणी आणता येतात. एनआरओ खात्यातून (भारतातल्या उत्पन्नाचं खातं) एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत येतात, पण कर भरल्याचं सीएचं प्रमाणपत्र लागतं, आणि सांगलीच्या शाखेत ते समजणारा एकच माणूस असतो व तो त्या आठवड्यात रजेवर असतो. भारतातल्या खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची अमेरिकी सरकारला द्यायची माहिती, भरलेला हवा. नसेल भरला तर स्टेटमेंट बाहेर काढण्याआधी टॅक्सवाल्याशी बोला.

आई-वडील देत असतील तर ती वाट वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत प्रत्येक निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर मात्र भेटीच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आगाऊ घ्यायचा आयकर) कापला जातो. आप्पांनी एकट्यांनी २५ लाख पाठवले असते तर वरच्या १५ लाखांवर ३ लाख रुपये टीसीएस. हे पैसे बुडत नाहीत, त्यांच्या रिटर्नमध्ये परत मिळतात, पण वर्षभर अडकतात. निम्मे आईच्या स्वतःच्या एफडीतून गेले, त्यामुळे दोघांची १०-१० लाखांची सूट वापरता आली. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला असे दोन भाग केले तर दोन आर्थिक वर्षांची सूट मिळते. आम्हाला हे उशिरा सुचलं.

अंडररायटरला हवी असते अखंड साखळी: एफडी मोडल्याची पावती, आप्पांच्या खात्यात जमा, तिथून परदेशी पाठवल्याची स्विफ्ट पावती, इथे डॉलरमध्ये जमा, आणि गिफ्ट लेटर. एक कडी तुटली की फाइल थांबते. आमची तुटली ती नावात: पासबुकात वडिलांच्या नावाची आद्याक्षरं, पत्रावर पूर्ण नाव. मराठीतलं पासबुक असेल तर इंग्रजी स्टेटमेंट काढून घ्या. हुंडीने, मित्राच्या खात्यातून, "तू तिकडे दे, मी इकडे देतो" असले व्यवहार इथे चालत नाहीत, आणि ते कायद्यातही बसत नाहीत.

परदेशी व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरहून जास्त भेट आली तर फॉर्म ३५२० भरायचा. कर लागत नाही, पण फॉर्म चुकला तर दंड भेटीच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो. आई आणि वडील मिळून बेरीज धरतात.

ऑफरपासून किल्लीपर्यंत

ऑगस्ट २०२४ पासून एजंटसोबत घर बघायला जाण्याआधी लेखी करार करावा लागतो, त्यात कमिशन किती आणि कोण देणार हे वाचा. न्यू जर्सीत एजंटने केलेल्या करारावर सह्या झाल्यावर तीन कामकाजाचे दिवस वकिलाच्या तपासणीला मिळतात, तो वकील तुमचा असू द्या. इन्स्पेक्शनमध्ये रेडॉन वायू, वाळवी आणि जुन्या घरात जमिनीखालची तेलाची टाकी तपासा. स्पर्धा आहे म्हणून इन्स्पेक्शन सोडा असं कोणी म्हणालं तर घर सोडा.

क्लोजिंगच्या तीन कामकाजाचे दिवस आधी क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे अंतिम खर्चाचा कागद, येतं, ते लोन एस्टिमेटशी ओळीने ताडून बघा. सहीच्या आधीच्या दहा कामकाजाच्या दिवसांत बँक तुमच्या कंपनीला फोन करून नोकरी आहे ना हे विचारते, म्हणून या काळात कंपनी बदलू नका. पैसे वायर करण्याआधी टायटल कंपनीला (मालकीचे कागद आणि पैसे हाताळणारी कंपनी) तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करा. "खातं बदललंय" असा शेवटच्या दिवशी आलेला ईमेल हा बहुतेक वेळा चोराचा असतो.

कर्जावर एकाचं नाव असलं तरी मालकीपत्रावर दोघांची नावं लावता येतात. एच-४ वरच्या जोडीदाराचं नाव मालकीत जरूर घाला. आणि मृत्युपत्र करा. अमेरिकेत कायमचं वास्तव्य नसलेल्या परदेशी माणसाच्या इथल्या मालमत्तेला वारसा कराची सूट फक्त ६०,००० डॉलर आहे, आणि भारत-अमेरिकेत या कराबाबत करार नाही.

परत जावं लागलं तर

कर्जाच्या अटींप्रमाणे क्लोजिंगनंतर ६० दिवसांत राहायला जायचं आणि एक वर्ष तरी राहायचं असतं. त्यानंतर घर भाड्याने देता येतं. भारतात परतलात तर भाड्याच्या एकूण रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. खर्च वजा जाता निव्वळ भाड्यावर कर भरायचा पर्याय आहे, तो पहिल्याच वर्षी निवडा.

विकायचं असेल तर दोन घड्याळं चालू असतात. गेल्या पाच वर्षांतली दोन वर्षं त्या घरात राहिलेलं असेल तर एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा अमेरिकेत करमुक्त, म्हणजे निघाल्यापासून तीन वर्षांच्या आत विक्री व्हायला हवी. दुसरं घड्याळ भारतातलं: परतल्यावर साधारण पहिली दोन-तीन वर्षं आरएनओआर (परदेशी उत्पन्नावर भारतात सहसा कर न लागणारा) दर्जा मिळतो, तो संपला की जगभरच्या उत्पन्नावर भारतात कर लागतो.

आणि करासाठी अनिवासी झालात की विक्रीच्या वेळी फर्प्टाची, म्हणजे परदेशी विक्रेत्यांच्या घरविक्रीवरच्या कायद्याची, करकपात होते. ती नफ्यावर होत नाही, पूर्ण विक्री किमतीवर होते. दर १५ टक्के. घेणारा स्वतः राहणार असेल आणि किंमत ३ लाखांच्या वर पण १० लाख डॉलरच्या आत असेल तर १०. साडेसहा लाखांत घर गेलं आणि नफा पन्नास हजारच असला तरी ६५,००० डॉलर आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकी करखात्याकडे, जातात आणि पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर परत येतात. ते अडकू द्यायचे नसतील तर क्लोजिंगच्या दिवशी किंवा त्याआधी फॉर्म ८२८८-बी भरून कपात कमी करायचा अर्ज टाका. अर्जाला आयटीआयएन (करासाठीचा ओळख क्रमांक) किंवा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, एच-४ वर असताना ज्यांनी तो काढला नाही त्यांनी निघण्याआधीच काढून ठेवा.